व्यावसायिक पूल: खेळाडूंची वागणूक, थकलेली बक्षिसं आणि नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पार्लरमध्ये पूल खेळणारे, मोठ्या स्पर्धा ऑनलाइन पाहणारे आणि स्वतः छोट्या स्पर्धा भरवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. भर नाइन-बॉलवर आहे (नेहमी सर्वात लहान नंबरच्या बॉलला आधी मारायचं, नऊ नंबर घालणारा जिंकतो), कारण व्यावसायिक पूल मुख्यतः त्याच खेळाभोवती फिरतं. उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली आहेत, कारण या खेळाचे चढउतार तिथेच जास्त घडले.

प्रोफेशनल पूल खेळाडू नेमकं कोणाला म्हणायचं?

स्नूकरमध्ये याचं उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे वर्ल्ड स्नूकर टूरचं कार्ड आहे तो प्रोफेशनल. टूरवर साधारण १२८ जण असतात, कार्ड दोन वर्षांचं मिळतं आणि क्रमवारीत टिकलं नाही तर ते जातं. पूलमध्ये सगळ्यांनी मानलेली अशी एक यादी कधी नीट उभीच राहिली नाही. बऱ्याच मोठ्या स्पर्धा ओपन असतात. जागा शिल्लक असली आणि एन्ट्री फी भरली की कोणालाही उतरता येतं. जगात पहिल्या पाचात असलेला खेळाडू आणि आठवडाभर नोकरी करून हौसेने खेळणारा माणूस एकाच ड्रॉमध्ये समोरासमोर येऊ शकतात.

ही या खेळाची गंमत आहे आणि दुखणंही. कार्डच नसेल तर गैरवर्तन करणाऱ्याकडून काय काढून घेणार? एका आयोजकाने बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या महिन्यात दुसऱ्या आयोजकाकडे फी भरून खेळतो. खाली वागणुकीबद्दल जे काही येईल त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

टेबल, बॉल आणि खेळ यांची मापं काय?

व्यावसायिक पूलचं टेबल ९ फुटी असतं. कुशनच्या आतली खेळण्याची जागा १०० इंच बाय ५० इंच. बॉलचा व्यास २¼ इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या जरा वर (स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर). आपल्याकडच्या पार्लरमध्ये ७ किंवा ८ फुटी टेबलं सर्रास दिसतात. तिथे सहज जाणारे लांबचे पॉट ९ फुटीवर चुकायला लागले की टेबलच खराब आहे असं वाटतं, पण तो फरक अंतराचा असतो.

एवढे लोक पूल खेळतात, मग व्यावसायिक खेळाडूंच्या हाती पैसा का येत नाही?

कारण बक्षिसाची बरीचशी रक्कम खेळाडूंच्याच खिशातून येते. समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशोब मांडू.

समजा १२८ खेळाडू आहेत आणि एन्ट्री फी ५०० डॉलर. जमा झाले ६४,००० डॉलर. आयोजक आणि प्रायोजक मिळून वर २०,००० घालतात. एकूण बक्षीस ८४,००० डॉलर, आणि पोस्टरवर तोच आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो. आता प्रत्येक खेळाडूचा खर्च बघा: फी ५००, प्रवास ४००, पाच रात्रींचं हॉटेल ५००, जेवणखाण २५०. झाले १,६५० डॉलर. १२८ जणांचा मिळून खर्च २,११,२०० डॉलर आणि सगळ्यांना मिळून परत मिळणार ८४,०००. खेळाडूंचा वर्ग म्हणून बघितलं तर ते एका आठवड्यात १,२७,२०० डॉलरने खाली गेले. पहिले आठ-दहा जण सोडले तर बाकी सगळे पदरचे पैसे घालून खेळले. सतरावा आलेला खेळाडू १२८ जणांत खरोखर उत्तम खेळलेला असतो, पण त्याच्या हाती १,००० डॉलर पडले तरी तो तोट्यातच घरी जातो.

मग पूलमधला पैसा जातो कुठे? हौशी खेळाडूंकडे बघा. क्यू (खेळायची काठी), टेबलं, कापड, टेबलाचं ताशी भाडं, लीगची वर्गणी हे सगळं हौशी मंडळी भरतात. अमेरिकेतल्या हौशी लीगमध्ये लाखो माणसं खेळतात, पण त्यातली बरीचशी व्यावसायिक सामने बघत नाहीत, तिकिटं काढत नाहीत, त्यांना आजच्या विश्वविजेत्याचं नावही ठाऊक नसतं. प्रायोजकाला प्रेक्षक हवा असतो. म्हणून क्यू बनवणाऱ्या कंपन्यांपलीकडे प्रायोजक फारसे येत नाहीत, आणि या कंपन्या मुळात लहान आहेत.

ही घसरण कधी सुरू झाली?

एकच एक तारीख सांगता येत नाही. पूल अनेकदा वर आलं आणि दर वेळी कोणत्यातरी एका आधारावर उभं राहिलं. आधार गेला की खेळ खाली आला.

विली मोस्कोनी १५ वेळा जगज्जेता झाला, पण त्याची ओळख देशभर पोचली ती टेबलं बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेल्या प्रदर्शनी सामन्यांमुळे. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये त्याने स्ट्रेट पूलमध्ये (कोणताही बॉल आधी सांगून पॉट करायचा प्रकार) सलग ५२६ बॉल पॉट केले, तोही अशाच प्रदर्शनात. १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीला जुगारी खेळाडूंचे मोठे मेळावे भरत. १९७२ मध्ये तिथे सरकारी धाड पडली आणि ते पर्व संपलं. १९८६ साली पूलवरचा एक हॉलिवूडपट गाजला आणि अमेरिकेत पूल हॉलची लाट आली. नव्वदच्या दशकात सिगारेट कंपनीचा पैसा आला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा तंबाखू कंपन्यांशी मोठा करार झाला, प्रायोजकत्वावर कडक मर्यादा आल्या आणि तोही दरवाजा जवळजवळ बंद झाला.

आणि मग २००६ आलं.

२००६ मध्ये असं काय झालं?

इंटरनॅशनल पूल टूर. टीव्हीवरून स्वतःची उत्पादनं विकणारा केविन ट्रूडो हा माणूस त्यामागे होता. खेळ एट-बॉल (आठ नंबरचा बॉल शेवटी घालायचा), कापड मुद्दाम संथ, खेळाडूंना टूर कार्डं आणि पूलने तोवर न पाहिलेले आकडे. जुलै २००६ मध्ये लास व्हेगासला थॉर्स्टन होमानने पहिल्या क्रमांकाचे ३,५०,००० डॉलर जिंकले. सप्टेंबरमध्ये रीनो इथे एफ्रेन रेयेसने ५,००,००० डॉलरचं बक्षीस पटकावलं. त्या काळी नाइन-बॉलच्या चांगल्या स्पर्धेत विजेत्याला याचा दहावा हिस्सा मिळणंही मोठं होतं.

रीनोनंतर आयोजकांनी कळवलं की पैसे नाहीत. बक्षिसं वेळेवर मिळाली नाहीत, पुढे हप्त्याहप्त्याने आली. ऑनलाइन जुगारातून पैसा येईल या अपेक्षेवर टूरचा डोलारा बराच अवलंबून होता, आणि ऑक्टोबर २००६ मध्येच अमेरिकेत त्या व्यवसायाचे हातपाय बांधणारा कायदा झाला. टूर गुंडाळली गेली. ट्रूडोला २०१४ मध्ये दहा वर्षांची कैद झाली, पण ती वेगळ्या प्रकरणात, न्यायालयाच्या अवमानाबद्दल.

नुकसान फक्त बुडालेल्या महिन्यांचं नव्हतं. त्या टूरच्या भरवशावर लोकांनी नोकऱ्या सोडल्या होत्या, घरं हलवली होती. त्यानंतर कित्येक वर्षं ‘मोठी स्पर्धा येतेय’ असं कोणी म्हटलं की खेळाडूंचा पहिला प्रश्न असायचा, ‘पैसे बँकेत आहेत का?’ तो प्रश्न रास्त होता. १९७६ पासून चालत आलेल्या यूएस ओपन नाइन-बॉलसारख्या मानाच्या स्पर्धेतही काही वर्षं बक्षिसं उशिरा मिळाल्याच्या तक्रारी होत होत्या. २०१९ पासून ती स्पर्धा मॅचरूम या ब्रिटिश कंपनीकडे गेली आणि तो प्रश्न मागे पडला.

गैरवर्तनाचा आणि पैशाचा संबंध खरंच आहे का? की ही पळवाट आहे?

वाईट वागण्याला पैशाची चणचण हे निमित्त होऊ शकत नाही. मात्र कारण म्हणून ती खरी आहे.

बक्षिसावर पोट भरत नाही म्हणून खेळाडू ‘बॅकर’ शोधतो. बॅकर फी आणि प्रवासाचे पैसे देतो, जिंकलेल्या रकमेतून आधी आपला खर्च वळता करतो आणि उरलेल्याचे बहुधा निम्मे निम्मे होतात. वरच्या उदाहरणातल्या सतराव्या खेळाडूच्या हातात मग काहीच उरत नाही. म्हणून तो रात्री बाजूच्या टेबलवर पैसे लावून खेळतो. तिथे रेफरी नसतो. प्रतिस्पर्ध्याला डिवचणं, वेळ काढणं, आपला खरा दर्जा लपवणं हे सगळं तिथे चालतं, आणि चालतं म्हणून सवयीचं होतं. दुसऱ्या दिवशी स्ट्रीमिंगच्या टेबलवर तीच सवय कॅमेऱ्यासमोर येते. प्रायोजक ते बघतो, दुसरीकडे वळतो, बक्षीस आणखी आटतं आणि बॅकरची गरज वाढते.

हे चक्र तोडायचं तर ‘सभ्य वागा’ एवढं सांगून भागत नाही. जिथे बक्षीस ठरल्या दिवशी मिळतं आणि टेबलापाशी रेफरी उभा असतो, तिथे त्याच खेळाडूंची वागणूक दिसण्याइतकी सुधारते.

नियमात गैरवर्तन कशाला म्हटलं आहे?

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या (डब्ल्यूपीए) नियमांत खिलाडूवृत्तीला सोडून केलेलं वर्तन असं वेगळं कलम आहे. त्यात मुख्यतः या गोष्टी येतात: प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं, शॉट न मारता बॉलची जागा बदलणं, मुद्दाम मिसक्यू करून (क्यूची टिप बॉलवरून घसरवून) खेळणं, फाउल पुकारल्यावर किंवा खेळ थांबवल्यावरही खेळत राहणं, सामन्यादरम्यान सराव करणं, टेबलवर खुणा करणं, वेळ काढणं आणि साहित्याचा भलताच वापर.

शिक्षा रेफरीच्या अधिकारात असते. ताकीद, साधा फाउल, रॅक (एक डाव) गमावणं, सामना गमावणं आणि टोकाला स्पर्धेतून हकालपट्टी. हकालपट्टीत बक्षीस आणि क्रमवारीचे गुणही जाऊ शकतात. कागदावर हे पुरेसं कडक आहे. प्रत्यक्षात गाडी ताकिदीपुढे क्वचितच सरकते, कारण आयोजकाला नावाजलेला खेळाडू दुखवायचा नसतो आणि बऱ्याच टेबलांवर रेफरीच नसतो.

एक कलम अनेकांना माहीत नसतं. प्रतिस्पर्धी निर्णायक रॅक खेळत असताना तुम्ही खुर्चीत बसून आपला जोडाचा क्यू सांध्यातून उघडला, तर तुम्ही सामना सोडला असं धरलं जातं. वैतागून क्यू खोलण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. समोरचा शेवटच्या नऊवर चुकला तरी तुम्हाला परत टेबलवर येता येणार नाही.

‘शार्किंग’ कसं ओळखायचं आणि त्यावर करायचं काय?

समोरच्याला मुद्दाम विचलित करणं म्हणजे शार्किंग. उघड शार्किंग सोपं असतं: खोकणं, चॉक टेबलच्या कडेवर आपटणं, ग्लासातला बर्फ खळखळवणं. अवघड ते दबक्या पावलांनी येतं. तुम्ही लांबच्या कॉर्नर पॉकेटवर नेम धरला आहे, क्यू मागे घेतलात, आणि नेमक्या त्याच क्षणी पॉकेटच्या मागे बसलेला माणूस पाय बदलतो. किंवा दोन रॅक हरल्यावर तो अगदी मनापासून म्हणतो, ‘आज तुझा कोपर काय सरळ येतोय!’ पुढचे चार शॉट तुमचं लक्ष बॉलवर नसतं, कोपरावर असतं.

पहिल्यांदा झालं तर शॉट सोडा, सरळ उभे राहा, चॉक लावा, पुन्हा खाली या. दुसऱ्यांदा झालं तर शांतपणे आणि नेमकं सांगा: ‘मी शॉटवर असताना कृपया माझ्या रेषेत हालचाल करू नका.’ तिसऱ्यांदा खेळ थांबवून रेफरीला किंवा स्पर्धा संचालकाला बोलवा आणि शेरेबाजी न करता फक्त काय घडलं ते सांगा. रॅक हरल्यावर केलेली तक्रार रडगाण्यासारखी ऐकू येते. तीच तक्रार रॅक चालू असताना केली तर दखल घेतली जाते.

स्वतः खुर्चीत असताना काय करावं, हेही तितकंच महत्त्वाचं. बसून राहा, क्यू उभा धरा, समोरच्याच्या रेषेत असाल तर तो खाली वाकायच्या आधीच बाजूला व्हा आणि मग हलू नका.

रॅक लावण्यावरून एवढी भांडणं का होतात?

रॅक लावणं म्हणजे डावाआधी बॉल मांडणं, आणि नाइन-बॉलमध्ये ब्रेक (मांडलेले बॉल फोडणारा पहिला शॉट) म्हणजे अर्धा डाव. नऊ बॉल हिऱ्याच्या आकारात लावतात, एक नंबर टोकाला आणि नऊ नंबर मधोमध. सगळे बॉल एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तर रुंद ओळीच्या दोन टोकांचे बॉल, ज्यांना विंग बॉल म्हणतात, ते ठरलेल्या वाटेने कॉर्नर पॉकेटकडे निघतात. दोन बॉलमध्ये कागदाएवढी फट राहिली तरी ती वाट बदलते. म्हणजे रॅक कोण लावतो आणि किती घट्ट लावतो, यावर ब्रेक ठरतो. प्रतिस्पर्ध्याने लावला तर ‘फट मुद्दाम ठेवली’ ही तक्रार. स्वतः लावला तर ‘दोन आणि तीन नंबर हवे तिथे ठेवले’ ही तक्रार. एक आणि नऊ सोडून बाकीचे बॉल ठरवून कुठे ठेवायचे नाहीत, असा नियमच आहे, पण एकाच खेळाडूचा दोन नंबर सतत त्याच जागी आला तर सिद्ध काय करणार?

यावर तीन उपाय रुळले. पहिला, प्लॅस्टिकची पातळ चकती. तिच्या भोकांत बॉल आपोआप घट्ट बसतात आणि फटीचा वाद बराच मिटतो. दुसरा, एक नंबरऐवजी नऊ नंबर स्पॉटवर (टेबलवरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवणं. त्यामुळे अख्खा रॅक दोन ओळी, म्हणजे जवळपास १० सेंटिमीटर पुढे सरकतो आणि विंग बॉलची फुकटची वाट बंद होते. तिसरा, ब्रेकची अट: ठरावीक चौकटीतूनच ब्रेक करायचा, आणि किमान तीन बॉल पॉकेटमध्ये गेले पाहिजेत किंवा हेड स्ट्रिंगपर्यंत (ब्रेक करणाऱ्याच्या बाजूची आडवी रेष) आले पाहिजेत. यामुळे हळुवार ब्रेक करून रॅक ‘शिजवणं’, म्हणजे ठरलेला बॉल हमखास घालणं, अवघड होतं.

आमच्या मते छोट्या स्पर्धेतही चकती सक्तीची करावी. एक चकती एका वादापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कापडावर पडून राहिलेली चकती मात्र ब्रेकनंतर कोणताही बॉल आडवा येत नसेल तेव्हा लगेच उचलावी. बॉल तिच्या कडेला लागून वळला तर नवा वाद उभा राहतो.

रेफरी नसताना डबल हिटचा (एकाच शॉटमध्ये टिप पांढऱ्याला दोनदा लागण्याचा) निर्णय कसा करायचा?

शॉटच्या आधी. पांढरा आणि समोरचा बॉल यांत एका चॉकच्या रुंदीपेक्षा कमी अंतर असेल तर खेळ थांबवून कोणालातरी बघायला बोलवा. हा हक्क दोघांनाही आहे. शॉट झाल्यावर बोलावलेल्या माणसाने काहीच पाहिलेलं नसतं, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

बघायचं काय? बॉल समोरासमोर भरीव लागला तर कायदेशीर शॉटमध्ये पांढरा क्षणभर जागीच थबकतो, आणि फॉलो (पांढऱ्याला दिलेली पुढची फिरकी) असेल तर मग पुढे सरकतो. तो न थबकता समोरच्या बॉलच्या मागोमाग जवळपास त्याच वेगाने निघाला तर टिप दुसऱ्यांदा लागली आहे. फाउल. तिरकं मारलं किंवा क्यूची मागची बाजू उचलून मारलं तर हे टाळता येतं. दोन बॉल आधीपासून चिकटलेले असतील तर गोष्ट वेगळी. डब्ल्यूपीएच्या नियमानुसार त्या दिशेने सरळ मारता येतं. पार्लरमध्ये या दोन परिस्थितींची सर्रास अदलाबदल होते आणि चुकीच्या वेळी फाउल दिला जातो.

मुद्दाम हळू खेळणाऱ्याचं काय?

शॉट क्लॉक. मॅचरूमच्या स्पर्धांत ३० सेकंद आणि प्रत्येक रॅकमध्ये एकदा जादा वेळ, अशी पद्धत आहे. डब्ल्यूपीएच्या नियमांत ३५ सेकंद आणि शेवटचे १० उरल्यावर सूचना. वेळ संपली की फाउल, बॉल इन हँड (प्रतिस्पर्धी पांढरा हवा तिथे ठेवून खेळतो). मोबाइलवरच्या टायमरने हे काम होतं, पण वेळ धरणारा तिसरा माणूस हवा. खेळाडूंनीच एकमेकांची वेळ धरली तर तेही शार्किंगच होऊन बसतं.

अर्ल स्ट्रिकलंडसारखे तापट खेळाडू खेळाचं नुकसान करतात की खेळ जिवंत ठेवतात?

दोन्ही. स्ट्रिकलंड पाच वेळा यूएस ओपन जिंकला. १९९० मध्ये जर्मनीत बर्गहाइमला झालेली पहिली डब्ल्यूपीए जागतिक नाइन-बॉल स्पर्धा त्याने जिंकली, १९९१ आणि २००२ मध्ये पुन्हा. प्रेक्षकांशी हुज्जत, रेफरीशी वाद, टेबल आणि कापडाबद्दल उघड तक्रारी हेही त्याच्या नावाशी तितकंच जोडलेलं आहे. त्याचा सामना असला की लोक येतात, हे खरं आहे.

पण एक गोष्ट सहसा विसरली जाते. १९९६ मध्ये डॅलसच्या एका स्पर्धेत सलग दहा रॅक ब्रेकपासून शेवटपर्यंत साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं विमा उतरवलेलं बक्षीस होतं. स्ट्रिकलंडने ते करून दाखवलं. विमा कंपनीने पैसे द्यायला हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली. पूलमधला सर्वात मोठा पराक्रम वकिलांच्या टेबलवर मोजला गेला. त्याचं वागणं आम्ही योग्य ठरवत नाही. प्रेक्षकाला शिवी देणाऱ्या खेळाडूला रॅक गमवावाच लागला पाहिजे, नाव कितीही मोठं असो. पण खेळाडू कडवट का होतात हे समजायला हे प्रकरण उपयोगी पडतं.

मग एफ्रेन रेयेसचं उदाहरण सगळे का देतात?

रेयेस हरला तरी डोकं खाजवत हसतो आणि जिंकला तरी तसाच. १९९४ मध्ये यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी. १९९६ मध्ये हाँगकाँगला १२० रॅकच्या शर्यतीत (आधी १२० रॅक जिंकणारा विजेता) त्याने स्ट्रिकलंडला १२०–११७ असं हरवलं, १९९९ मध्ये कार्डिफला तो जगज्जेता झाला. फिलिपिन्समध्ये त्याला घरोघरी ओळखतात.

पण तोही जुगाराच्या जगातूनच वर आला. १९८५ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा खेळला तेव्हा ह्यूस्टनच्या स्पर्धेत ‘सीझर मोरालेस’ या नावाने उतरला होता, कारण खरं नाव कळलं असतं तर पैसे लावायला कोणी तयार झालं नसतं. म्हणून ‘जुगारी तेवढे वाईट, सभ्य तेवढे चांगले’ अशी सरळ विभागणी करू नका.

अंतिम सामन्याआधी बक्षीस वाटून घेणं हे फिक्सिंग आहे का?

अमेरिकेच्या सर्किटवर ही जुनी सवय आहे. दोन्ही फायनलिस्ट आधीच ठरवतात की पहिल्या-दुसऱ्याची बेरीज निम्मी निम्मी घ्यायची, किंवा जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला ठरावीक रक्कम द्यायची. घर चालवणाऱ्या माणसाला ती जोखीम कमी करणं वाटते, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. तरी आमचं मत स्पष्ट आहे: आयोजकाला न सांगता केलेली वाटणी प्रेक्षकाची फसवणूक आहे. त्यातून मुद्दाम हरणं एकच पाऊल दूर असतं, विशेषतः स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव करून त्यांच्यावर पैसे लावले गेले असतील तर. सामना मुद्दाम सोडणं कुठेच क्षम्य नाही. २०२३ मध्ये स्नूकरने फिक्सिंगप्रकरणी दहा चिनी खेळाडूंना शिक्षा केली, त्यातल्या दोघांना आजन्म बंदी. पूलमध्ये इतकी खोल चौकशी करायला लागणारी यंत्रणा आणि पैसा एका जागी नाही.

संघटनांचं भांडण काय आहे?

डब्ल्यूपीए १९८७ पासूनची जागतिक संघटना आहे. मॅचरूम खाजगी आयोजक आहे. तिने १९९४ मध्ये मोस्कोनी कप (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा) सुरू केला आणि अलीकडे वर्ल्ड नाइनबॉल टूर उभी केली. २०२४ मध्ये जेद्दाहच्या जागतिक स्पर्धेत विजेता फेडोर गोर्स्ट याला २,५०,००० डॉलर मिळाले. पैसा आला तसा स्पर्धांना डब्ल्यूपीएची मान्यता हवी की नको, हा वाद पेटला. २०२३ च्या हनोई ओपनसारख्या, मान्यता न घेतलेल्या स्पर्धांत खेळणाऱ्यांवर बंदीचा बडगा उगारला गेला, आणि त्याचा सर्वाधिक त्रास आशियाई खेळाडूंना झाला. एका बाजूला बक्षीस, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय संघातली जागा. भांडण संस्थांचं आणि भुर्दंड खेळाडूला, हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

भारतातल्या खेळाडूंची स्थिती काय?

आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकरची परंपरा जुनी आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच, वाढला बंगळुरूत. पूल मात्र धाकट्या भावासारखं मागे राहिलं, जरी राष्ट्रीय महासंघ पूलच्याही स्पर्धा घेतो.

भारतीय क्यू खेळाडूंना खरा आधार बक्षिसाचा नसून नोकरीचा आहे. पेट्रोलियम क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांनी अनेकांना नोकऱ्या दिल्या. अडवाणी स्वतः ओएनजीसीत आहे. अमेरिकेतल्या बॅकर पद्धतीच्या तुलनेत ही व्यवस्था कितीतरी निरोगी आहे: महिन्याचा पगार येत असला की रात्री पैसे लावून खेळावं लागत नाही. पण पदकांवर नोकऱ्या मिळतात आणि २०१०च्या ग्वांगझूनंतर क्यू स्पोर्ट्स आशियाई खेळांतून बाहेर गेले. तेव्हापासून नव्या मुलांसाठी हा रस्ता अरुंद झाला आहे.

३२ खेळाडूंची स्पर्धा भरवायची आहे. वाद होऊ नयेत म्हणून काय करावं?

आधी वेळेचं गणित मांडा. डबल एलिमिनेशनमध्ये (दोनदा हरला की बाहेर) ३२ जणांचे ६२ किंवा ६३ सामने होतात. सातच्या शर्यतीला सरासरी ११ रॅक आणि रॅकला ६ मिनिटं धरली तर सामना ६६ मिनिटांचा. चार टेबलं असली तर अखंड चालवूनही १७ तास लागतात, आणि शेवटच्या फेऱ्यांत सगळी टेबलं वापरता येत नाहीत. म्हणून दोन पूर्ण दिवस ठेवा. एका दिवसात उरकायचं असेल तर सिंगल एलिमिनेशन करा, ३१ सामने. रात्री एक वाजता थकलेल्या माणसांना चालू ठेवलं की भांडण होणारच.

किती क्रमांकांना किती बक्षीस, हे नोंदणीच्या दिवशीच छापून लावा. ‘एन्ट्री कमी आल्या तर’ ही अट असेल तर तीही आकड्यात लिहा: २४ आल्या तर इतके, १६ आल्या तर इतके. रक्कम पहिल्या ब्रेकआधी वेगळ्या खात्यात ठेवा. प्रत्येक चार टेबलांमागे फक्त रेफरीचं काम करणारा एक माणूस हवा, आणि तो स्वतः खेळणारा नको. उशिरा येण्याची मुदत १५ मिनिटं, त्यानंतर सामना गेला, मग तो क्लब मालकाचा मित्र असला तरी. ‘बार रूल’ (पार्लरमधले घरगुती नियम) चालणार नाहीत हे सुरुवातीच्या पाच मिनिटांत मोठ्याने सांगा, विशेषतः फाउलनंतर दोन शॉट नसून बॉल इन हँड मिळतो, आणि नाइन-बॉलमध्ये सलग तीन फाउल झाले तर रॅक जातो. तिसऱ्या फाउलआधी ‘तुझे दोन झाले’ अशी सूचना द्यावी लागते. ती दिली नाही तर रॅक मागता येत नाही.

हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला सवलत) देणार असाल तर फार्गो रेटिंगचा (खेळाडूचा दर्जा आकड्यात सांगणारी पद्धत) अंदाज धरा: १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट रॅक जिंकतो. म्हणून अशा दोघांत ६–३ ची शर्यत (वरच्याला सहा, खालच्याला तीन रॅक हवेत) बरोबरीची ठरते.

बक्षीस थकलं तर खेळाडूने काय करावं?

फी भरल्याची पावती किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट, बक्षिसाचा तक्ता असलेलं पोस्टर आणि अंतिम ड्रॉचा फोटो, या तीन गोष्टी स्पर्धा संपायच्या आत जमवा. नंतर पोस्टर बदललेलं असतं. सात दिवस वाट पाहून आयोजकाला लेखी कळवा: स्पर्धा, तारीख, तुमचा क्रमांक, ठरलेली रक्कम, आणि उत्तरासाठी एक तारीख. ज्यांचे पैसे राहिले आहेत त्या सगळ्यांनी मिळून एकच पत्र द्या. एकट्याला टोलवणं सोपं असतं. स्पर्धेला जिल्हा किंवा राज्य संघटनेची मान्यता असेल तर पत्राची प्रत तिथे पाठवा. हप्त्यात देतो म्हणाला तर हप्त्यांच्या तारखा सहीनिशी घ्या, आणि पहिला हप्ता खात्यात येईपर्यंत त्याच आयोजकाच्या पुढच्या स्पर्धेची फी भरू नका.